बारमधलं सोवळं

माझी आई शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगत राहिली, की मुलगा हॉटेलात आहे. पुढचं कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. परभणीकडच्या आत्याला वाटायचं, मी गल्ल्यावर बसून इडलीचे पैसे घेतो. प्रत्यक्षात १९८४ पासून २०२० पर्यंत मी हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलाच्या बारमध्ये होतो. मधली दोन वर्षं सोडून. त्यांच्याबद्दल पुढे येईलच. काचीगुड्यातून सायकलने निघताना गळ्यात जानवं आणि पिशवीत काळा बो असायचा. बो मी हॉटेलच्या मागच्या दाराशी बांधायचो, गल्लीत नाही.

लोकांना वाटतं बारमधलं काम म्हणजे बाटल्या. बाटल्या सांभाळायला कुलूप पुरतं. दिवस जातो तो ग्लासांत. पहिले सहा महिने मी फक्त ग्लास पुसले. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ग्लास उपडा धरायचा, आत वाफ धरली की धागे न सोडणाऱ्या सुती फडक्याने पुसायचा, मग दिव्यासमोर धरून बोटांचे डाग बघायचे. दांडीच्या ग्लासाचं बूड एका हातात आणि वरचं पोट दुसऱ्या हातात धरून पीळ दिला, की दांडी कटकन मोडते. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तळहाताला दोन टाके पडले आणि ब्रेकेज रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे एक वाइन ग्लास चढला. महिनाअखेरीला त्याचे पैसे पगारातून गेले. टाके तेवढे फुकट होते.

आमच्या घरी पिण्याची भांडी ठरलेली होती. पाण्याला तांब्या-फुलपात्र, चहाला कपबशी, आचमनाला पळी-पंचपात्री. फुलपात्र तोंडाला लावायचं नाही, वरून प्यायचं. कुणी तोंड लावलं, तर आई स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून ओळखायची. ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं, म्हणून कल्हई हवी; वर्षाकाठी कल्हईवाला गल्लीत भाता लावून बसायचा आणि नवसागराच्या धुराने आम्ही पोरं खोकत उभे राहायचो. आणि मोरीजवळच्या फळीवर, बाकी भांड्यांपासून लांब, एक कान तुटलेला कप असायचा. तो भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. चहा झाला की त्या तो स्वतःच धुऊन उपडा घालून जायच्या. त्या कपाचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. कोनाड्यात दिवा असतो तसा फळीवर तो कप होता.

त्यामुळे बारमध्ये शिरलो तेव्हा दारूच्या वासाने दचकलो नाही. दचकलो ते सगळं ओळखीचं वाटल्यामुळे. हा ग्लास ह्याला चालतो, त्याला नाही. कडेला बोट लावायचं नाही. ह्या ट्रेवरचा त्या ट्रेवर ठेवायचा नाही. धुतलेल्याला न धुतलेला लागला, तर दोन्ही परत धुवायचे. आईचं सोवळं चुकवून मी ज्या नोकरीत पळून आलो होतो, तिथे सोवळ्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

आमचे सीनियर बारमन पुराना शहरातले. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. स्वतः थेंबही घेत नसत. त्यांनी मला नावं पाठ करायला लावली: हायबॉल, कॉलिन्स, ओल्ड फॅशन्ड, पिल्सनर, शेरी, लिकर, ब्रँडी बलून, पॅरिस गॉब्लेट, शॅम्पेन सॉसर. इंग्रजी नावं पाठ झाली, की संध्याकाळच्या गिऱ्हाइकाआधीच्या निवांत वेळात ते त्यांची शिकवायचे. जाम म्हणजे पेला. पैमाना म्हणजे मुळात माप. मोजून ओततात म्हणून पैमाना. मीना म्हणजे काचेची बाटली, सुराही लांब मानेची. साग़र म्हणजेही पेलाच. "और ये?" असं मी पेग मेजर दाखवून विचारलं, तर म्हणाले, "ये तो पैमाना हैच मियाँ, और क्या." ज्या शहरात शायरीतली निम्मी भांडी दारूची आहेत, तिथे प्रत्यक्षात त्या काळी आमच्याकडे वाइनचा ग्लास एकाच आकाराचा होता, तीन मापांत. मोठा पाण्याला, मधला लाल वाइनला, धाकटा पांढऱ्या वाइनला. फरक विचारणारा कुणी नव्हताच. आजही हैदराबादेत दारूच्या दुकानांच्या पाट्यांवर हमखास 'वाइन्स' लिहिलेलं असतं आणि आत सगळ्यात कमी खपते ती वाइन.

शॅम्पेनच्या पसरट बशीसारख्या ग्लासांचे दोन डझन तर धूळ खात पडले होते. तो आकार म्हणे फ्रान्सच्या राणी मारी आंत्वानेतच्या वक्षावरून घेतला, असं प्रत्येक ट्रेनिंगला कुणीतरी डोळे मिचकावून सांगतंच. ती भाकडकथा आहे; तसा ग्लास तिच्या आधीच होता. शिवाय त्यात शॅम्पेनचे बुडबुडे पाहता पाहता उडून जातात, कारण उघडा पृष्ठभाग फार. आमच्या शेफने त्या ग्लासांचं सोनं केलं. लग्नाच्या जेवणात त्यांतून खुबानी का मीठा द्यायला सुरुवात केली. त्याला तो ग्लास इतका शोभतो, की तो त्याच्यासाठीच घडवला असावा असं मी अजूनही म्हणतो.

ह्या सोवळ्यातल्या काही गोष्टींना कारण असतं, हे मला शिव्या खाऊन कळलं. एका दुपारी गिऱ्हाइकाने बिअर परत पाठवली: फेस नाही, शिळी आहे. बाटली माझ्यासमोर उघडलेली. दुसरी उघडली, तिचंही तेच. उस्तादांनी ग्लास नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. सकाळी कॉफी शॉपमध्ये ग्लास कमी पडले म्हणून मी आमचे उंच ग्लास लस्सीला दिले होते. नंतर धुतले होते, पण स्निग्धाचा एक पातळ थर काचेला धरून राहतो आणि तो बिअरचा फेस टिकू देत नाही. ओठांवरची लिपस्टिकही तेच करते. साबणाचा अंश राहिला तरी तेच. त्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांसमोर झापलं, आणि माझ्या मनात आलं ते भलतंच: दुधाचं भांडं वेगळं ठेवणारी आई बिअर बारमध्ये माझ्यापेक्षा चांगली शोभली असती.

वाइनच्या ग्लासाला दांडी असते, कारण तळहाताची ऊब पेयाला लागू नये. ब्रँडीच्या फुगीर ग्लासाला ती आखूड असते, कारण तिथे ऊब लागायलाच हवी. बोटांत दांडी घेऊन पोट तळहातावर पेलायचं. वाइनच्या ग्लासाचं पोट मोठं आणि तोंड आवळलेलं असतं, कारण वास पोटात जमतो आणि तोंडाशी अडतो. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं नाकाचं असतं. सर्दी झाली की भाजी बेचव लागते, तेच. म्हणूनच ग्लास तृतीयांशच भरायचा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास निघतात, आणि ते मोठ्या ग्लासात ओतले की तळाशी दिसतात. ह्या पायी मी चौतीस वर्षं ऐकून घेतलं: "अरे भाई, आधा तो भरो!"

उलट व्हिस्कीत. तीस मिली आणि साठ मिली, मापाला कुणी हात लावू शकत नाही, पण ओल्ड फॅशन्ड ग्लासाचं बूड चांगलं बोटभर जाड असतं. ते जाड काचेचं बूड आणि त्यावरचा बर्फ यांमुळे तीस मिलीही भरगच्च दिसतात. उस्ताद म्हणायचे, हा ग्लास गिऱ्हाइकासाठी नाही, मालकासाठी केलेला आहे. मला वाटतं दोघांसाठी असावा. हातात वजन आलं की माणसाला आपण काहीतरी मोठं पितोय असं वाटतं, आणि ते वाटण्यासाठीच तर तो आलेला असतो.

माझी साप्ताहिक सुट्टी पहिली काही वर्षं शुक्रवारी होती, आणि सालारजंग म्युझियम नेमकं शुक्रवारी बंद. सुट्टी बदलून मिळाली तेव्हा पहिला दिवस मी तिथेच घालवला. मूसीच्या काठावरची ती इमारत १९६८ पासूनची. त्याआधी संग्रह सालारजंगांच्या दिवाण देवडीत होता. लोक घड्याळाच्या ठोक्यासाठी आणि बुरखाधारी रिबेकासाठी गर्दी करतात. मी युरोपच्या काचेसमोर उभा राहिलो. बोहेमियाचे, व्हेनिसचे ग्लास, कडा सोन्याच्या, पोटं माणकासारखी लाल. एकही पुसण्याच्या लायकीचा नव्हता, म्हणजे पुसायची हिंमत झाली नसती. आणि एक धंद्याची गोष्ट लक्षात आली: रंगीत काचेत वाइनचा रंग दिसत नाही. हे ग्लास वाइन बघण्यासाठी नव्हतेच, यजमान कोण आहे ते बघण्यासाठी होते. मोगलांचंही तेच. शाहजहानचा पांढऱ्या जेडचा पेला, १६५७ सालचा, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्याचा आकार भोपळ्यासारखा आणि मुठीच्या जागी बकरीचं डोकं. त्यात काय ओतलं होतं हे कुणी विचारत नाही.

बिदरी सुरयाही तिथे पाहिल्या. जस्त आणि तांबं यांचा काळा धातू, त्यात चांदीची तार ठोकलेली, आणि काळेपणा यायला बिदरच्या किल्ल्यातली माती. मी आपला कल्हईवाल्याच्या हिशेबाने विचार करत होतो, की हिच्यात आंबट काही ठेवलं तर कळकेल की नाही. काचेचा मोठेपणा इथे कळतो. ती स्वतःचं काही देत नाही. त्यालाही अपवाद आहेच. शिसं घातलेल्या जड क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये दारू महिनोन्‌महिने ठेवली, तर थोडं शिसं तिच्यात उतरतं. एका संध्याकाळपुरतं चालतं. कपाटात भरून ठेवलेलं शोभेचं डिकँटर दिसलं की मला अजून अस्वस्थ होतं, आणि पाहुणा म्हणून गेलेल्या घरी बोलताही येत नाही.

आता ती दोन वर्षं.

आंध्रात साध्या दारूला सारा म्हणतात. पूर्वी ती मडक्यातून, पिंपातून मापून मिळायची. प्यायची तर दुकानापाशी उभं राहून प्यायची. ऐंशीच्या दशकात सरकारमान्य सारा प्लास्टिकच्या पाकिटांतून येऊ लागला. कोपरा दाताने फाडायचा आणि तोंडात पिळायचा. ग्लास नको, दुकान नको, पाणी नको. पाकीट खिशातून घरी आलं, शेतात गेलं, कामाच्या ठिकाणी गेलं. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दूबगुंट्याच्या बायकांनी गावात सारा विकू द्यायचा नाही असं ठरवलं आणि ते लोण राज्यभर पसरलं. त्या चळवळीची कारणं अनेक आहेत, जाणकारांनी लिहिली आहेत. मी फक्त भांड्यांतला माणूस. मला दिसलं ते असं, की ज्या दिवशी दारूला भांडं लागेनासं झालं, त्या दिवशी ती माजघरात शिरली. भांडं धुवावं लागतं, ठेवावं लागतं, चारचौघांत धरावं लागतं. पाकीट चुरगळून फेकलं की झालं. १ ऑक्टोबर १९९३ पासून सारा बंद झाला आणि १६ जानेवारी १९९५ पासून एन. टी. रामाराव सरकारने पूर्ण दारूबंदी आणली.

आम्ही ग्लास भुशात आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून खोक्यांत भरले. प्रत्येक खोक्यावर मी खडूने नाव आणि संख्या लिहिली. काही ग्लास फालुद्याला आणि सरबताला वरच राहिले. माणसांचं तसं झालं नाही. आम्हा बारवाल्यांपैकी निम्म्यांना, नोकरी पक्की नसलेल्यांना, घरी बसवलं गेलं. त्यांत मी होतो. अकरा वर्षं झाली होती, तरी कागदावर पक्का नव्हतो. त्याची तक्रार आता करून उपयोग नाही, पण झालं ते असं झालं.

ओळखीने बेगमबाजारात भांड्यांच्या एका घाऊक दुकानात लागलो. तिथे पेला किलोवर विकला जातो. स्टीलचा गेज, पितळेचा भाव, तांब्याचा भाव. गिऱ्हाईक ग्लास हातात घेऊन कडेला अंगठा फिरवतं आणि टिचकी मारून आवाज ऐकतं. बारमध्ये मी दिव्यासमोर धरायचो, इथे बायका कानाशी धरायच्या. लग्नसराईत रोज शेकडो पेले जायचे, आणि माझ्याकडे नावं कोरायचं काम होतं. छोटं विजेचं यंत्र, टोक थरथरतं, कान बधिर होतात. तेलुगू, मराठी, मारवाडी, उर्दू, सगळ्यांची नावं मी त्या पेल्यांवर घातली. 'चि. अमक्याच्या लग्नाप्रीत्यर्थ' हे मराठी गिऱ्हाइकांचं आवडतं. त्यांचा खर्च अक्षरावर व्हायचा म्हणून तक्रारही त्यांचीच. पेल्यावर नाव असलं की तो हरवला तरी परत येतो, असं एक आजी मला म्हणाल्या. हॉटेलातल्या ग्लासांवरही हॉटेलचा छाप होता. ते कधी परत आले नाहीत.

त्याच लग्नांमधून दारूबंदीतही दारू चालू होती. शेजारच्या राज्यांतून आलेली बाटली मांडवामागे उघडायची आणि स्टीलच्या पेल्यात किंवा कॉफीच्या कपात ओतायची, कारण त्यात रंग दिसत नाही. मी कोरलेल्या पेल्यात व्हिस्की पिणारे लोक मी पाहिले. चव चांगली नसणार. पण लपवण्यासाठी स्टीलसारखं भांडं नाही.

दुपारी चार वाजता दुकानाचा पोरगा इराणी चहा आणायचा. हैदराबादी इराणी चहात डिकॉक्शन वेगळं, आटवलेलं घट्ट दूध वेगळं. कप लहान, पांढरा, जाड काठाचा. जाड कप चहा लवकर गार होऊ देत नाही, म्हणून बशी लागते: पसरट, उघडी, फुंकर मारून दोन घोटांत प्यायची. बशीत चहा पिणं गावंढळ, असं आमच्या हॉटेलात शिकवायचे. शिकवणाऱ्याला कुणी विचारलं नाही, की मग शॅम्पेनची बशी काय होती.

१९९७ मध्ये चंद्राबाबूंच्या सरकारने बंदी उठवली. हॉटेलने बोलावलं, ह्या वेळी पक्कं केलं. खोकी उघडली तेव्हा माझ्या खडूच्या आकड्यांशी ग्लास जुळले, फक्त लिकरचे चार कमी. पुढच्याच वर्षी आयटी कंपन्यांसाठीचे सायबर टॉवर्स उभे राहिले आणि गिऱ्हाईक बदललं. परदेशातून आलेली पोरं, पंचविशीतली, वाइनची यादी मागू लागली. नाशिकची वाइन बारमध्ये आली आणि मला उगाच माहेरचं कुणी आल्यासारखं वाटलं. ग्लासही बदलले: मोठी पोटं, पातळ कडा, लांब दांड्या. ऑस्ट्रियाच्या क्लाऊस रीडेलने १९७३ मध्ये प्रत्येक जातीच्या वाइनसाठी वेगळ्या आकाराचे ग्लास काढले होते. ती कल्पना हैदराबादला पोचायला तीसेक वर्षं लागली.

एकदा कुठल्याशा वेगळ्याच कंपनीचा विक्रेता आम्हाला शिकवायला आला. त्याने जिभेचं चित्र दाखवलं: टोकाला गोड, कडांना आंबट-खारट, मागे कडू. हा ग्लास वाइन टोकावर टाकतो, तो कडांवर. आम्ही माना डोलावल्या. जिभेचा तो नकाशा चुकीचा आहे, सगळ्या चवी सगळीकडे लागतात, हे मला नंतर एका डॉक्टर गिऱ्हाइकाने सांगितलं. म्हणून एका मंगळवारी, बार बंद झाल्यावर, आम्ही सहा जणांनी स्वतःच करून पाहिलं. एकच लाल वाइन चार भांड्यांत: लाल वाइनचे दोन वेगळ्या जातींचे ग्लास, एक जाड टंबलर, एक स्टीलचा पेला. डोळे बांधून, ग्लास दुसऱ्याने तोंडाशी धरलेला. स्टील सगळ्यांनी ओळखलं. टंबलर पाच जणांनी ओळखला. त्या दोन खास ग्लासांत मात्र कुणालाही फरक सांगता आला नाही. मलाही नाही. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही गिऱ्हाइकाला पुन्हा सांगू लागलो, की सर, ह्या वाइनला हाच ग्लास. पगार त्याचाच होता.

ह्याच काळातली एक गोष्ट सांगायला मला आवडत नाही.

एक तरुण त्याच्या आईवडिलांना घेऊन आला होता. बढती झाली असावी. वडील शेतकरी दिसत होते, पांढरं धोतर, खांद्यावर कंडुवा. मुलाने कौतुकाने लाल वाइन मागवली. वडिलांनी ग्लास दोन्ही तळहातांच्या ओंजळीत घेतला आणि बायकोला म्हणाले, "चल्लगा उंदि." गार आहे. मला तेलुगू येतं, मी ऐकलं. पण माझं लक्ष त्यांच्या बोटांवर होतं. मी वाकलो आणि अतिशय अदबीने, ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं, दांडी कशी धरायची ते माझ्या हाताने दाखवलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. परत उचलला नाही. मुलगा खाली बघत राहिला. बिलावर टीप चांगली होती, ती मी घेतली.

काही महिन्यांनी आमच्यातला एक स्टुअर्ड मला भोंगीरच्या पुढे त्याच्या गावाकडे घेऊन गेला. सकाळची वेळ, ताडाची झाडं, ताडी काढणारा गौड कंबरेला दोर अडकवून वर चढत होता. मडकं आतून चुन्याने माखलं तर रस आंबत नाही, त्याची नीरा होते. नुसत्या मडक्यात रस पडताच आंबायला लागतो, कारण कालच्या किण्वाचा अंश मडक्याच्या छिद्रांत राहिलेला असतो. दुपारपर्यंत ताडी कडक होते. ग्लास नव्हताच. ताडाचं पान दुमडून त्याचा द्रोण करतात. त्याला बूड नसतं, खाली ठेवता येत नाही. दोन्ही तळहातांच्या ओंजळीत धरायचा, वरून मडक्यातून ओततात, आणि संपेपर्यंत हातातून सोडायचा नाही. संपला की पान फेकायचं. उष्टं नाही, धुणं नाही. मी पान हातात घेतलं आणि माझी बोटं जिथे गेली, तिथे मला त्या शेतकऱ्याची बोटं दिसली.

तेही एक वेळ सोडा. आमच्या हॉटेलात तेव्हा लाल वाइन पांढऱ्या वाइनच्याच फ्रिजमध्ये ठेवत असत. लाल वाइन सोळा-अठरा अंशांच्या आसपास द्यायची असते. आमची त्याहून खूप गार असायची. ओंजळीत धरून ती थोडी उबवणं हाच त्या संध्याकाळी बरोबर मार्ग होता. तो माणूस बरोबर होता. चूक माझी होती, आणि मी पांढरे हातमोजे घालून होतो.

परत येताना त्या स्टुअर्डने सांगितलं, की त्याच्या लहानपणी गावातल्या चहाच्या टपरीवर त्यांच्या वस्तीतल्या लोकांसाठी वेगळे ग्लास असत, छपराच्या वाशाला अडकवलेले. प्यायचं, आपणच धुवायचं, परत अडकवायचं. ह्या प्रकाराला तिकडे दोन ग्लासांची पद्धत म्हणतात. वर्तमानपत्रांतून त्याबद्दल मी वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. तो हसत सांगत होता, की म्हणूनच मी बारमध्ये आलो, इथे ग्लास कुणाला द्यायचा ते मी ठरवतो. मी त्याला आमच्या मोरीजवळच्या फळीबद्दल सांगितलं नाही. आमचं काचीगुड्याचं घर १९८९ साली सुटलं, तेव्हा सामान हलवताना तो कान तुटलेला कप फुटला, आणि नव्या घरात वेगळा कप कुणी काढला नाही. एवढंच घडलं. मी काही केलं नव्हतं, आणि त्या बाईंना मी कधी काही विचारलंही नव्हतं.

मी निवृत्त झालो ते २०२० च्या उन्हाळ्यात, हॉटेल बंद असताना. समारंभ झाला नाही. सिक्युरिटीच्या खिडकीतून पाकीट मिळालं. तेलंगण वेगळं झाल्यावर, २०१४ पासून, शहरात ताडीची दुकानं परत उघडली होती. आता तिथे ताडी बहुतेक बाटलीत मिळते. पानाचा द्रोण करून देणारा शोधावा लागतो.

नातेवाईक आता उघड विचारतात. भाचे, पुतणे, नवीन घर घेतलेले: काका, घरी वाइनचे ग्लास कुठले घेऊ? त्यांना मी सांगतो ते इथेही सांगतो. व्यावसायिक परीक्षकांसाठी १९७७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. त्यातला ग्लास साधा, बिनरंगाचा, कळीसारखा, तोंडाशी आवळलेला, सुमारे २१५ मिलीचा. भारीतली भारी वाइनसुद्धा, लाल-पांढरी सगळी, त्याच एका ग्लासात पारखायची, अशी ती कल्पना. तुम्ही त्याच आकाराचा थोडा मोठा, साडेतीनशे मिलीचा घ्या. कड पातळ हवी. अंगठा फिरवून बघा, गोल जाड काठ लागला तर ठेवून द्या. लाल, पांढरी, फेसाळ, आणि वेळ आली तर पन्हंसुद्धा त्यातच द्या. ताक देऊ नका. धुताना गरम पाणी, साबण नावापुरता. पुसताना बूड आणि पोट धरून पीळ देऊ नका. आणि सहा घ्यायचे असतील तर आठ घ्या, पहिल्या वर्षात दोन फुटतातच.